लेकीचं नाव कॉलेजात घातलं, पुढे काय झालं?



गेल्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. कर्जाचे विषय संपले होते, चहा यायचा होता. तेवढ्यात मी सहज विचारलं, "कुणाकुणाची लेक किंवा सून बारावीनंतर कॉलेजात गेली? हात वर करा." भराभर हात वर झाले. मोजले तर चौदा. सगळ्यांच्या चेहऱ्यावर कौतुक. मग मी दुसरा प्रश्न विचारला, "त्यातल्या किती जणींच्या हातात पदवी आली?" तिघींच्या मुली अजून शिकतायत, त्यांना बाजूला ठेवलं. राहिल्या अकरा. त्यातले हात वर राहिले चार.

बैठक एकदम गप्प. मग एक मावशी म्हणाल्या, "अगं, आमच्या पोरीचं नाव घातलं होतं की. दोन वर्षं गेली पण. मग सोयरीक आली."

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून ह्या वेळी बचत, व्याज, हप्ता बाजूला ठेवून कॉलेजच्या हिशोबाबद्दल लिहिते. घाबरू नका, हिशोब आपल्या गटाच्या वहीसारखाच आहे.

आपण बँकेत कर्ज मागायला जातो तेव्हा साहेब काय विचारतात? "तुमच्या गटानं आजवर किती कर्ज वाटलं?" हे विचारतातच. पण त्यांची खरी नजर असते परतफेडीवर. पाच लाख वाटले आणि परतफेड निम्मी, तर पुढचं कर्ज मिळेल का? कॉलेजच्या बाबतीत मात्र आपण सगळेच, सरकार, संस्था, आईबाप, फक्त वाटपाचा आकडा सांगतो. किती मुलींचं नाव घातलं हे पेपरात येतं. त्यातल्या किती जणी शेवटपर्यंत गेल्या, हे कुणी विचारत नाही.

आधी नाव घालण्याचा आकडा समजून घेऊ, कारण तो खरंच चांगला आहे. सरकार दरवर्षी देशातल्या विद्यापीठांकडून आणि कॉलेजांकडून माहिती मागवतं. त्याला अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण म्हणतात. २०१४-१५ साली देशात कॉलेजच्या पटावर १ कोटी ५७ लाख मुली होत्या. २०२१-२२ साली त्या झाल्या २ कोटी ७ लाख. म्हणजे सात वर्षांत ५० लाख मुली वाढल्या.

ह्याच सर्वेक्षणात एक टक्केवारी असते, तिचं नाव सकल नोंदणी प्रमाण. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे. गावातली १८ ते २३ वयाची सगळी पोरं-पोरी मोजा. मग कॉलेजच्या पटावर किती नावं आहेत ते मोजा. शंभर पोरांमागे किती नावं, ते हे प्रमाण. २०२१-२२ साली देशात ते २८.४ होतं. मुलांचं २८.३ आणि मुलींचं २८.५. हो, मुली थोड्याशा पुढे आहेत! आपल्या आयांना कुणी हे सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

मला तर हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा महर्षी कर्व्यांची आठवण झाली. त्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं, तेच आजचं एसएनडीटी. तिथून १९२१ साली पहिल्या पाच मुली पदवीधर झाल्या. पाचावरून शंभर वर्षांत दोन कोटी, असं मी एका प्रशिक्षणात फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. टाळ्याही मिळाल्या. घरी आल्यावर लक्षात आलं की मीच चूक केली. त्या पाच जणी पदवी घेऊन बाहेर पडलेल्या, आणि ह्या दोन कोटी पटावरच्या. वाटप आणि परतफेड मीच एकमेकांत मिसळली होती.

ह्या सर्वेक्षणात त्या वर्षी किती जण पास होऊन बाहेर पडले तेही असतं. २०२१-२२ साली देशात १ कोटी ७ लाख विद्यार्थी पास झाले. पण ज्यांनी तीन-चार वर्षांपूर्वी नाव घातलं होतं, त्याच मुलामुलींपैकी हे किती, ते त्यावरून कळत नाही. अमेरिकेत ह्यासाठी १९९० साली कायदाच झाला. एका वर्षी नाव घातलेल्या मुलांची तुकडी धरायची आणि त्यातले किती जण पदवी घेऊन बाहेर पडले ते कॉलेजनं जाहीर करायचं. तिथली पदवी चार वर्षांची असते. २०१४ साली तिथे चार वर्षांच्या पदवीला बसलेल्या शंभर मुलांपैकी सहा वर्षांत पदवी मिळाली साधारण ६४ जणांना. एवढा श्रीमंत देश, तरी शंभरातले छत्तीस वेळेत पोचले नाहीत. पण त्यांना निदान हे छत्तीस माहीत आहेत.

आपल्याकडे काय दिसतं? जूनमध्ये तालुक्याच्या चौकात फ्लेक्स लागतो, आमच्या कॉलेजचा निकाल ९७ टक्के. खोटा नसतो तो. पण कसा निघतो बघा. समजा पहिल्या वर्षाला ५० मुली होत्या. दुसऱ्या वर्षाला ४१ आल्या. तिसऱ्या वर्षाला ३३ उरल्या. परीक्षेला बसल्या ३१, पास झाल्या ३०. एकतीसातल्या तीस, म्हणजे ९७ टक्के. फ्लेक्स लावला. आता आपल्या गटाच्या रीतीनं मोजा. पन्नासातल्या तीस, म्हणजे ६० टक्के. वीस मुली कुठे गेल्या? फ्लेक्सवर त्यांना जागा नाही.

म्हणून लेकीचं नाव घालायला जाल तेव्हा ऑफिसातल्या क्लार्कदादांना, नाहीतर प्राध्यापकांना एकच प्रश्न विचारा. "तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्गाला किती मुली होत्या आणि त्यातल्या किती पास होऊन गेल्या?" उत्तर लगेच मिळेल असं नाही. पण चार आया जाऊन हा प्रश्न विचारतात म्हटल्यावर कुणीतरी रजिस्टर उघडून बघेल. नॅकचं मूल्यांकन झालेल्या कॉलेजांना पटाची, राखीव प्रवर्गातल्या मुलांची आणि शेवटच्या वर्षाच्या निकालाची माहिती द्यावीच लागते. ती बऱ्याचदा त्यांच्या वेबसाइटवर असते. गावातल्या एखाद्या शिकणाऱ्या पोरीला मोबाइलवर शोधायला सांगा.

ह्या वीस मुली कुठे गळतात, ते आता सांगते. एकाच जागी नाही गळत. घागरीला चार ठिकाणी बारीक चिरा असाव्यात तसं आहे.

सगळ्यात मोठी चीर पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्ये. त्याचं कारण मला एका ताईच्या घरी कळलं. ह्या ताई आमच्या एका गटाच्या सचिव. हिशोब इतका चोख की ऑडिटवाले त्यांची वही बाकीच्या गटांना दाखवतात. त्यांची मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. मी गेले तर मुलगी घरीच, शेतातून आलेली तूर निवडत बसलेली. विचारलं, "कॉलेज?" ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "नापास झाली गं. तिचे पप्पा म्हणाले, बास आता." मी तिला निकाल दाखवायला सांगितलं. मोबाइलवर फोटो होता. तिचे सगळे विषय सुटले होते, फक्त एक राहिला होता. खाली लिहिलं होतं एटीकेटी.

तायांनो, हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण ह्या एका शब्दापायी किती मुली घरी बसल्या त्याची मोजदाद नाही. एटीकेटी म्हणजे नापास नव्हे. एटीकेटी म्हणजे तुझे एक-दोन विषय राहिलेत, तरी तुला पुढच्या वर्गात बसायची परवानगी आहे, राहिलेला विषय पुन्हा परीक्षा देऊन सोडव. मुलं त्याला नुसतं केटी म्हणतात, कुणी बॅक म्हणतात. किती विषय राहिले तर पुढे जाता येतं, त्याचा नियम प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा असतो, तो कॉलेजात विचारावा. आपल्या भाषेत सांगायचं तर एक हप्ता थकला म्हणून गट बुडाला असं होत नाही. थकलेला हप्ता पुढच्या बैठकीत भरायचा असतो.

मुलीला हे माहीत होतं. पण घरात ती बोलली नव्हती. का बोलली नाही, ते मला विचारायची गरज नव्हती. मी बी.ए.च्या दुसऱ्या सेमिस्टरला होते तेव्हा माझी अर्थशास्त्राची केटी लागली होती. घरी सांगितलं तर काय होईल ह्या भीतीनं मी चार महिने कुणाला बोलले नाही. फॉर्मची फी मैत्रिणीकडून उसनी घेतली. त्या वेळी माझ्या आईच्या गटातल्या एखाद्या ताईनं केटी म्हणजे काय हे आईला सांगितलेलं असतं, तर मी चार महिने नीट झोपले असते. आणि मी तर सुटले. माझ्याबरोबर एसटीनं येणारी माझी मैत्रीण त्याच विषयात राहिली होती. तिनं घरी सांगितलं आणि दिवाळीनंतर ती बसमध्ये दिसली नाही.

त्या सचिव ताईंच्या घरी मी तिच्या पप्पांशीही बोलले. गडी वाईट नव्हता. त्याला वाटलं होतं पैसा पाण्यात गेला. पुन्हा परीक्षेच्या फॉर्मची तारीख तोवर निघून गेली होती, पुढच्या सत्राची वाट बघावी लागली. मुलगी उशिरा का होईना दुसऱ्या वर्षात जाऊन बसली. हजेरी कमी पडली म्हणून कॉलेजात बोलणी खावी लागली ते वेगळंच.

दुसरी चीर एसटीची. ऐकायला साधी वाटते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो. बारावी झाली की तो बंद. मग कॉलेजच्या मुलीला विद्यार्थी सवलतीचा पास काढावा लागतो, त्यात तिकिटाचा एक तृतीयांश भाग भरावा लागतो. रक्कम फार मोठी नाही, पण ती दर महिन्याला लागते. ज्या घरात रोख पैसा हंगामालाच येतो तिथे दर महिन्याचा छोटा खर्च वर्षाच्या मोठ्या खर्चापेक्षा जड जातो, हे तुम्हाला मी काय सांगायचं? त्यात संध्याकाळची शेवटची गाडी चुकली की घरचे म्हणणार, "उद्यापासून नको जाऊ."

म्हणून मोफत शिक्षणाची बातमी वाचताना जरा थांबून वाचा. महाराष्ट्र सरकारनं २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल, शेती अशा शिक्षणाला, मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. आधी निम्मी माफ होती. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा म्हणजे एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींसाठी हा निर्णय आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. निर्णय चांगलाच आहे. पण माफ झाली ती फी. खोलीचं भाडं, मेस, पुस्तकं, ये-जा हे सगळं आहे तिथेच आहे. "शिक्षण फुकट आहे" एवढंच ऐकून मुलीला पुण्याला पाठवलं आणि दुसऱ्या महिन्यात मेसचे पैसे मागितले म्हणून घरात भांडण, हे मी पाहिलंय.

त्या खर्चासाठीही योजना आहेत, फक्त त्यांची नावं वेगवेगळी आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलामुलींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शेतमजुरांच्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. रक्कम शहराप्रमाणे बदलते, अटीही बदलत राहतात, म्हणून इथे लिहीत नाही. समाजकल्याण, आदिवासी प्रकल्प, इतर मागास बहुजन कल्याण ह्या ऑफिसांत विचारा, नाहीतर मला फोन करा, मी शोधून सांगते.

तिसरी चीर कागदांची. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज एकदा भरला की झालं, असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाही. तो दरवर्षी पुन्हा भरावा लागतो, त्याला नूतनीकरण म्हणतात. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. मुलीच्या नावावर दोन खाती असतील तर कुठलं आधारला जोडलंय ते बँकेत बघून घ्या. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढा. जूनमध्ये सेतूपुढे रांगा लागतात, एप्रिलमध्ये मोकळं असतं. आणि राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणाला जायचं असेल तर जात पडताळणीचा अर्ज मुलगी बारावीत असतानाच करा. जातीचा दाखला वेगळा आणि पडताळणी वेगळी. हे दोन्ही एकच समजून किती घरांची धावपळ झाली, मी मोजणं सोडून दिलंय.

चौथी चीर तुम्हाला माहीत आहे. ती मावशी म्हणाल्या तीच, सोयरीक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायकांमागे जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे त्या बहुतेक कॉलेजच्या दारापर्यंतही आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांचं लग्न दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात ठरतं. स्थळ चांगलं आहे, मुलगा नोकरीला आहे, ते म्हणतात पुढे शिकवू. मी लग्नाच्या विरोधात बोलत नाही. पण साखरपुड्याच्या याद्या करताना आपण भांडी, आहेर, मानपान लिहून घेतो. त्यात राहिलेल्या दोन परीक्षा कुठल्या महिन्यात आहेत आणि ती त्या कुठून देणार, हेही लिहून घ्या की. तोंडी "शिकवू" आणि लिहिलेलं ह्यातला फरक गटातल्या बाईला सांगावा लागत नाही.

आता वर्गात कोण बसतं, त्याबद्दल थोडं. एकूण प्रमाण २८.४ आहे म्हटलं, पण सगळ्या घरांचं तेवढं नाही. २०२१-२२ साली अनुसूचित जातींचं प्रमाण २५.९ होतं आणि अनुसूचित जमातींचं २१.२. सात वर्षांपूर्वी हेच आकडे १८.९ आणि १३.५ होते. वाढ मोठी आहे, आदिवासी मुलामुलींची तर फारच. तरी अजून शंभरामागे सात जणांचा फरक आहे. वस्त्या लांब, कॉलेज लांब, घरात आधी कुणी गेलेलं नाही. कॉलेज जवळ आलं तर फरक पडतो, म्हणूनच तर चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी नागपूर विद्यापीठातून वेगळं काढून २०११ साली गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीला सुरू झालं.

आपल्या गटांतही हे बघायला हवं. मी ज्या गावांत जाते तिथे कॉलेजचं कर्ज मागायला ठराविक आळीतल्याच ताया पुढे येतात. वस्तीवरच्या तायांना वाटतं गटाचं कर्ज म्हणजे शेळी, शिलाई मशीन, दवाखाना. शिक्षणासाठी मागता येतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ही चूक आमचीही आहे. आम्ही क्षेत्र समन्वयक वस्तीवरच्या बैठकीला उन्हाचं कारण सांगून कमी जातो, हे मान्य करते.

नवीन शिक्षण धोरणाबद्दल पण विचारणा होते. आपल्या राज्यात साध्या कॉलेजांत ते २०२४-२५ पासून लागू झालं. त्यात एक वर्ष पूर्ण करून थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी थांबायचं असेल तर काही जादा काम पूर्ण करावं लागतं. मिळालेले गुण क्रेडिट म्हणून एका खात्यात जमा राहतात, अगदी बचत खात्यासारखे. त्याला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट म्हणतात. थांबलेल्या मुलीला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते.

बाळंतपण, आजारपण, घरातलं संकट अशा वेळी ही सोय फार मोठी आहे. पण मला त्यात एक भीती वाटते, ती मोकळेपणानं लिहिते. मुलाला कुणी म्हणणार नाही की एक वर्षाचं प्रमाणपत्र मिळालं, आता थांब. मुलीला म्हणतील. "कागद मिळाला ना? झालं की." बाहेर पडायचं दार उघडं आहे म्हणून मुलीलाच आधी बाहेर काढतील. तेव्हा कुणी असं म्हणालं तर विचारा, परत कधी जाणार? तारीख सांगा.

ज्यांचं आधीच सुटलंय त्यांच्यासाठी, आणि हे तुमच्यासाठीही आहे, बारावी झालेल्या सुना, लेकी आणि तुम्ही स्वतः. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. घरी अभ्यास करायचा, जवळच्या अभ्यास केंद्रावर जायचं, परीक्षा द्यायची. पदवी खरीच असते, स्पर्धा परीक्षेलाही चालते. आमच्या एका गटातल्या अध्यक्ष ताईंनी वयाच्या चाळिशीत तिथे नाव घातलंय. त्या म्हणतात, "सुनेबरोबर अभ्यासाला बसते, म्हणजे तिलाही बसू देतात."

आता गट काय करू शकतो? एक म्हणजे कर्ज देण्याची वेळ. आपण जूनमध्ये प्रवेशासाठी एकरकमी कर्ज देतो. मुलगी अडते ती दिवाळीनंतर, परीक्षेचा फॉर्म, पास, मेस ह्यांच्या वेळी, तेव्हा आई दुसऱ्यांदा मागायला लाजते. तर मंजुरी एकदाच करा आणि रक्कम दोनदा द्या, जूनला निम्मी आणि डिसेंबरला निम्मी. इतिवृत्तात तसं लिहा. एका गटानं हे सुरू केलंय, त्यांना परतफेडीतही सोपं गेलं. मोठा खर्च असेल तर बँकेचं शैक्षणिक कर्ज आहेच. ४ लाखांपर्यंत बँकेनं तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. साहेबांनी मागितलंच तर हे सांगा, आवाज न चढवता.

दुसरं म्हणजे वही. प्रत्येक गटानं एक शंभर पानी वही घ्यावी. मुलीचं नाव, कुठल्या साली कुठल्या कॉलेजात नाव घातलं, आता कितव्या वर्षाला, केटी आहे का, शिष्यवृत्तीचा अर्ज ह्या वर्षी भरला का. आणि शेवटचा रकाना पदवी प्रमाणपत्र हातात आलं का. हा रकाना मुद्दाम घातलाय. शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्रासाठी पदवीदान समारंभाच्या आधी विद्यापीठाचा वेगळा फॉर्म फी भरून द्यावा लागतो. त्या दिवशी बैठकीत चार हात वर राहिले होते ना, त्यातल्या दोघींच्या मुलींनी तो फॉर्मच भरला नव्हता. पास होऊन तीन वर्षं झाली आणि पदवी विद्यापीठात पडून आहे. अजूनही मिळते, उशिराची फी लागते. दोघींचे अर्ज आम्ही मागच्या आठवड्यात भरले.

पुढच्या बैठकीला मी वहीचा नमुना घेऊन येते. येताना आपापल्या आळीतली नावं आठवून ठेवा. शिकतायत त्यांची तर सांगालच, पण मधेच सोडलेल्यांची आधी सांगा. आणि त्या मावशी, ज्यांच्या लेकीची दोन वर्षं झाली होती, तुम्ही हे वाचत असाल तर तिच्या जुन्या गुणपत्रिका शोधून ठेवा. तिचा नंबर मला द्या, मी तिच्याशी बोलते.